बॅटरी मेलेली नव्हती, बाई

बाई,

आज शनिवार, दुपारचे साडेतीन वाजलेत, आणि मी ओहायोतल्या डब्लिन नावाच्या गावात, आमच्या स्वयंपाकघरात, उंच स्टुलावर बसून तुम्हाला लिहितेय. लिहितेय म्हणजे टाइप करतेय, आणि ज्या लॅपटॉपवर टाइप करतेय त्याची वायर मी मुद्दाम काढून लांब ठेवली आहे. कोपऱ्यात बॅटरीचा आकडा दिसतोय, त्रेसष्ट टक्के. गेला दीड महिना हाच आकडा सहावर ठाण मांडून बसला होता. वायर लावली की लॅपटॉप चालायचा, काढली की दोन मिनिटांत डोळे मिटायचा, आणि बॅटरीच्या चित्राशेजारी रोज तेच एक वाक्य, जोडलं आहे पण चार्ज होत नाही. आज तो चार्ज झाला! मला इतका आनंद झालाय की मघाशी मी ओट्यासमोर एक गिरकी घेतली, या वयात, पायात मोजे असताना, आणि घसरून फ्रिजला धरलं. तुम्ही असता तर चष्म्यावरून बघत म्हणाला असतात, "झालं तुझं नाचून? आता सांग, कशामुळे झालं?"

कशामुळे झालं तेच सांगायचंय. पण त्याआधी लेकीचं सांगते, कारण आजचा खरा घोर तिचा होता. सोळा वर्षांची आहे, इथेच जन्मलेली, अकरावीत. ती माझ्याशी इंग्रजीत बोलते, मी तिच्याशी मराठीत, आणि भांडायला दोघींनाही दोन्ही भाषा पुरत नाहीत. गुरुवारी तिच्या केमिस्ट्रीच्या शिक्षिकेचा ईमेल आला. एक प्रयोग तीन वेळा करून तीन वेळची मापं लिहायची होती. आमच्या लेकीने तो एकदाच केला आणि उरलेल्या दोन वेळची मापं मनाने लिहून टाकली. इतकी सुरेख लिहिली की तिथेच पकडली गेली. शिक्षिका मनाने चांगली आहे. तिने सांगितलं, सोमवारी शाळा सुटल्यावर ये, प्रयोग पुन्हा कर, आणि आधी काय केलं होतंस ते एका कागदावर स्वतःच्या शब्दांत लिहून आण, नाहीतर शून्य. लेक म्हणाली, "फाइन. आय'ल टेक द झिरो." तिच्या बाबाने फोन जप्त केला, दोन तास भाषण दिलं, मार्क, कॉलेज, आयुष्य, सगळं काढून झालं. ती ढिम्म. शेवटी एवढंच म्हणाली, "एव्हरीबडी डज इट, आई. आय न्यू द आन्सर." उत्तर मला माहीत होतं. बाई, तेच वाक्य मी तुमच्यासमोर उभी राहून म्हटलं होतं.

तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे, तुमच्या हाताखालून शेकडो मुलं गेली. नागपूर, बारावीचं वर्ष, फिजिक्सची लॅब. लाकडी फळीवर ताणलेली लांबच लांब तार, तिच्यावरून धातूची पट्टी टेकवत टेकवत जायचं, काटा शून्यावर आला की लांबी लिहायची, असं नऊ वेळा, आणि त्यावरून सेलच्या आतला रोध काढायचा. आमच्याकडे पद्धत अशी होती की आदल्या वर्षीच्या एखाद्या ताईचं जर्नल आणायचं, उत्तर किती यायला हवं ते बघायचं, आणि तिथून उलटं गणित करत रीडिंग तयार करायची. याला कुणी लबाडी म्हणत नव्हतं, ती अभ्यासाचीच एक शाखा होती. मी तर त्यात इतकी तरबेज की एखादं रीडिंग मुद्दाम जरासं बिघडवून ठेवायचे, खरं वाटावं म्हणून. त्या दिवशी तुम्ही माझं जर्नल पाहिलंत, मान डोलावलीत, माझ्या टेबलावरचा सेल उचललात आणि व्होल्टमीटरला लावलात. काटा हललाच नाही. "हा सेल मेलेला आहे, पोरी," तुम्ही म्हणालात. "सकाळी मीच आणून ठेवला तुझ्या टेबलावर. तुझ्या जर्नलमधी तर चांगला ठणठणीत हिंडून राहिला." सगळी लॅब हसली. मी मान वर करून म्हटलं, "पण बाई, उत्तर माहीतच होतं." तेव्हा तुमचं हसू गेलं. तुम्ही ओरडला नाहीत. "उत्तर माहीत असलं ना, की डोळे बंद होतात. शनिवारी ये."

त्या शनिवारची लॅब मला अजून दिसते. रिकाम्या टेबलांच्या रांगा, बाहेर ऊन तापलेलं, शिपाई दारात डुलक्या काढतोय, आणि तुम्ही खिडकीशी पेपर तपासत बसलेल्या. मध्येच तुम्ही डबा उघडलात. गोळाभात होता, बेसनाचे गोळे घातलेला. अर्धा झाकणात काढून माझ्या बाजूला सरकवलात आणि म्हणालात, "आधी रीडिंग." काटा शून्यावर आणणं इतकं अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं, कारण तोवर मी तो कधी आणलाच नव्हता. उत्तर आलं ते ताईच्या जर्नलशी अजिबात न जुळणारं. तुम्ही लाल शाईने खाली लिहिलंत, "हे खरं." आणि वर्षअखेरीस, निरोपाच्या दिवशी, तुमचा स्वतःचा पिवळा मल्टिमीटर माझ्या हातात ठेवलात. "जिला खरं रीडिंग घेता येतं तिच्यापाशी मीटर असावा," एवढंच म्हणालात. मी इथे आले तेव्हा तो माझ्या बॅगेत साड्यांच्या घडीत होता. मी आल्यावर वर्षभरात तुम्ही गेलात. मैत्रिणीने ईमेलने कळवलं, आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

आता लॅपटॉप. हा अकरा वर्षांचा आहे, कडेचं प्लास्टिक उडालेलं, एक बटण घट्ट झालेलं. पण रविवारच्या आमच्या मराठी शाळेचे सगळे धडे, गाणी, चित्रं यात आहेत, आणि लायब्ररी आम्हाला जी खोली देते तिथे पडदा एका भिंतीला आणि सॉकेट समोरच्या, त्यामुळे बॅटरीवर चालत नसेल तर हा असून नसल्यासारखा. चार्ज होईना म्हटल्यावर नवऱ्याने जागच्या जागी निकाल दिला, "बॅटरी गेली, टाकून दे यार. अकरा वर्षं म्हणजे लॅपटॉपची नव्वदी." ऑफिसातल्यांनी तेच सांगितलं. मलाही तेच पटलं. तरी मी इंटरनेटवर वाचून एकेक उपाय करत होते. बॅटरी काढून पॉवरचं बटण अर्धं मिनिट दाबून धरलं. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. बॅटरीची टोकं खोडरबराने घासली. शेवटी नवी बॅटरी मागवली, तर तीही चार्ज होईना! इथे कुणाही शहाण्या माणसाला शंका यायला हवी होती. मला ती अशी आली, की नवी बॅटरीसुद्धा डुप्लिकेट निघाली. तावातावाने तक्रार लिहून ती परत पाठवली आणि जुनी पुन्हा आत बसवली.

आज सकाळी लेक ओट्याशी दुधातलं सीरियल खात बसली होती. फोन जप्त असल्यामुळे बिचारी नाइलाजाने माणसांत आली होती, पण बोलत नव्हती. मीही काय बोलावं या विचारात होते, आणि हातांना काहीतरी उद्योग हवा म्हणून लॅपटॉप एका पिशवीत घातला. जुनी यंत्रं गोळा करतात तिथे नेऊन देऊ, विषय संपवू. तिला म्हटलं, "जाता जाता हा गाडीत ठेव."

"व्हाय?"

"बॅटरी मेली आहे त्याची."

"हाऊ डू यू नो?"

"अगं, माहीत आहे सगळ्यांना. अकरा वर्षांची बॅटरी..."

तिने चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "सो यू ऑल्सो जस्ट न्यू द आन्सर."

काय सांगू, बाई! आधी मला राग आला, तिला दोन शब्द सुनवावेत असं वाटलं. मग हसू आलं. आणि मग अंगातून अशी काही वीज गेली की मी पिशवीतून लॅपटॉप काढला, खणातून तुमचा मीटर काढला, त्यात नवा सेल घातला, आणि एका कागदावर दोन रकाने आखून पेन तिच्यासमोर ठेवलं. "तू लिही, मी मोजते." ती म्हणाली, "आय'म ग्राउंडेड, आई. आय'म नॉट युअर असिस्टंट." पण पेन उचललं.

मी चार्जरच्या टोकाला मीटरच्या सुया लावल्या. दोनदा सुई निसटली. मग आकडा स्थिर झाला, एकोणीस पॉइंट चार. लेबलवर एकोणीस पॉइंट पाच. लेक म्हणाली, "सो द चार्जर इज फाइन." मीही हो म्हणणार होते, शब्द ओठांवर आला होता, आणि एकदम वाटलं, थांब, हेही उत्तरच झालं. मी म्हटलं, "लेबलवर जे जे लिहिलंय ते सगळं वाच. आपल्याला हवं तेवढंच नको." ती वाचत गेली, व्होल्ट, अँपियर, कुठे बनलाय ते, आणि मग, "फॉर्टी-फाइव्ह वॅट्स." मी लॅपटॉप उलटा केला. तळाचं लेबल इतकं झिजलेलं की टॉर्च तिरपा धरावा लागला. तिथे लिहिलं होतं, चार्जर नव्वद वॅटचा लावावा. चार्जर बिघडलेला नव्हताच, तो आमचाच नव्हता! एकट्यापुरता स्वयंपाक केला आणि दोघं जेवायला बसले तसं चाललं होतं. जेवढी वीज येत होती ती लॅपटॉप चालायलाच लागत होती, बॅटरीच्या वाट्याला काही उरत नव्हतं.

पण खरी फजिती पुढे आहे. मी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. सुरू होताना काळ्या पडद्यावर चार ओळी उमटतात, आणि दीड महिना रोज मी त्या न वाचता एंटर दाबत आले आहे. आज लेकीने माझा हात धरला. "डोन्ट. रीड इट." आणि तिनेच मोठ्याने वाचलं. कमी वॅटचा चार्जर जोडला आहे, बॅटरी चार्ज होणार नाही. चक्क लिहिलेलं होतं! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. लेक ओट्यावर डोकं टेकून हसायला लागली. "आई! यू डू धिस फॉर अ लिव्हिंग!" खरंच आहे. ऑफिसात दिवसातून दहादा मी लोकांना विचारते, मेसेज काय आलाय तो आधी वाचलात का? लोका सांगे ब्रह्मज्ञान. गुरुवारपासून घरात पहिल्यांदा कुणी हसलं होतं.

मग चार्जर बदलला कुठे याचा शोध. फार लांब जावं लागलं नाही. दीड महिन्यापूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात स्टेजमागे एकाच पट्टीला सहा-सात जणांचे काळे चार्जर लावलेले होते, आणि निघायच्या घाईत ज्याने त्याने हाताला येईल तो गुंडाळला. देवळाबाहेर चपला बदलतात तसं झालं. मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, नव्वद वॅटचा चार्जर कुणाकडे आलाय का, आणि पाच मिनिटांत एका काकांचा फोन. सत्तरीचे आहेत, दहा मिनिटांवर राहतात. "अगं, थांब, बघतो... नाइन्टी! माझ्याकडेच आहे की! मी म्हणतोय, हा हल्ली एवढा पटापट चार्ज कसा होऊन राहिलाय. काकूला म्हटलं पण, बघ, माझा लॅपटॉप सुधारला!" मागून काकूंचा आवाज, "तुम्ही कधी सुधारताय ते सांगा म्हणावं." आम्ही लगेच त्यांच्या घरी गेलो. तो चार्जर घेऊन, हा देऊन, चहा घेऊन, काकूंनी बळेच दिलेल्या चकल्यांचा डबा मांडीवर सांभाळत लेक गाडीत बसली. नको नको म्हणत वाटेतच चार संपवल्या तिने.

घरी येऊन वायर लावली. लॅपटॉपच्या कडेला एक बारकासा नारिंगी दिवा आहे, तो विझलेला आहे हेसुद्धा मी विसरून गेले होते. तो लागला. आम्ही दोघी श्वास धरून आकड्याकडे बघत होतो. सहा. सहा. सहा. "सेव्हन!" लेक एवढ्याने ओरडली की नवरा जिन्यातून धावत खाली आला. त्यानेही आकडा पाहिला आणि म्हणाला, "मी म्हटलंच होतं, एकदा चार्जर बघ." यावर आम्ही दोघींनी जो आवाज केला तो लिहिता येत नाही.

तो वर गेला आणि आम्ही तिथेच बसून राहिलो, आकडा चढताना बघत. अकरा, बारा. लेकीने मीटर उचलून उलटासुलटा केला आणि विचारलं, हा कुठला? मग मी तिला तुमची गोष्ट सांगितली. मेलेला सेल, माझं देखणं जर्नल, सगळ्यांसमोर झालेली शोभा, शनिवारची लॅब. ती कधी नव्हे ते मध्ये न बोलता ऐकत होती. तुम्ही "हे खरं" लिहिलंत आणि पुढे मीटर दिलात, इथपर्यंत आले तेव्हा आकडा वीसवर होता. ती म्हणाली, "सो यू डिड देम अगेन? ऑल नाइन?"

मी म्हटलं, "हो."

तिने मीटर खाली ठेवला. मग म्हणाली, "ओके. आय'ल गो मंडे." आणि कागद घेऊन वर गेली, शिक्षिकेला द्यायचं ते लिहायला. दोन तास भाषण देऊन जे झालं नाही ते असं झालं. मी मघाशी गिरकी घेतली ती काही नुसत्या बॅटरीसाठी नव्हती.

तर बाई, आता राहिलेलं सांगते. नऊ नव्हती. सात होती. आठवं आणि नववं रीडिंग मी घेतलंच नाही. तुम्ही हात धुवायला बाहेरच्या नळावर गेला होतात, मला सपाटून भूक लागली होती, गोळाभात समोर होता, आणि सात रीडिंग बघून पुढची दोन काय येणार ते मला माहीत होतं. लिहायला अर्धं मिनिट लागलं असेल. तुम्ही पदराला हात पुसत आलात, सगळे आकडे एकेक करून पाहिलेत, आणि खाली लाल शाईने ते लिहिलंत. मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं नाही, निरोपाच्या दिवशी तुम्ही मीटर पुढे केलात तेव्हाही सांगितलं नाही, घेतला. पुढे, इकडे येण्याआधी, किती वर्षं वाटायचं, सुट्टीत नागपूरला गेले की घरी जाऊन सांगू, तुम्ही हसाल. तोवर तुम्ही राहिला नाहीत. आज सांगता आलं, पण तुम्हाला सांगणं आता अगदी सोपं आहे. तुम्ही भुवईसुद्धा उचलू शकत नाही.

लेक आत्ता खाली आली. तिने कागद माझ्यापुढे ठेवला, "रीड इट, आई, बट डोन्ट फिक्स एनीथिंग," म्हणाली, आणि उरलेल्या चकल्यांचा डबा शोधायला लागली. पानभर लिहिलंय. चांगलं लिहिलंय, बाई, कुठे सारवासारव नाही, मी आळस केला असं सरळ लिहिलंय. शेवटच्या परिच्छेदात मी आहे. माझ्या आईनेही एकदा हेच केलं होतं, आणि मग तिने नऊच्या नऊ रीडिंग पुन्हा घेतली, म्हणून मलाही पुन्हा करायचं आहे. सबंध पानात खोटं असं हे एकच वाक्य आहे, आणि ते तिचं नाही. सांगितलं तर ती कागद फाडून शून्य घेईल, हे होऊ शकतं. मला वाटतंय तसंच होईल. पण माझ्या वाटण्याचा अनुभव आज सकाळीच घेऊन झालाय.

हे पत्र जायचं कुठेच नाही, इथेच थांबवते. मी तिला हाक मारली आहे आणि ती तोंडात चकली घेऊन "व्हॉट?" म्हणतेय. ये, बस इथे जरा. नऊ नव्हती गं. सातच घेतली होती मी.